जुन्या गोव्यातलं लाल चर्च अर्धवट का दिसतं?

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं दहा वर्षांतून एकदा होणारं शवप्रदर्शन गेल्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं चाललं. त्या दीड महिन्यात बेळगाव-खानापूर भागातून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत किती गाड्या खाली उतरल्या याचा हिशेब नाही. आमच्या गल्लीतूनही एक टेम्पो ट्रॅव्हलर गेली. त्यात ख्रिस्ती शेजारी होते, नवस बोललेल्या दोन मावश्या होत्या आणि नुसतेच फिरायला निघालेले आम्ही होतो.

परत आल्यावर फोटो बघत बसलो. शव दर्शनाला ठेवलं होतं ते से कॅथेड्रल पांढरंशुभ्र. एरवी शव जिथं असतं ती बॉम जीझस बॅसिलिका रस्त्यापलीकडे, गडद लाल, उघड्या चिऱ्याची. सहावीतला भाचा म्हणाला, "मामा, हे लाल अर्धंच ठेवलंय की. प्लास्टरला पैसे संपले काय?"

सगळे हसले. पण गोव्यात गेली काही वर्षं चर्चची मंडळी, वास्तुरचनाकार आणि पुरातत्त्वाचे जाणकार ज्यावरून भांडतायत तो प्रश्न पोरानं नेमका पकडला होता. या भिंतीला परत गिलावा करायचा की नाही? (पैसे संपले नव्हते, एवढं आधीच सांगून टाकतो.)

आधी 'कॉन्व्हेंट' या शब्दाचा घोळ

आपल्याकडे 'मुलगी कॉन्व्हेंटला आहे' म्हटलं की इंग्रजी शाळा, टाय आणि फीचा आकडा आठवतो. युनेस्कोनं १९८६ साली जागतिक वारसा यादीत 'गोव्यातील चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स' घेतली, तेव्हा त्यात एकही शाळा नव्हती. कॉन्व्हेंट म्हणजे मठ. एका संघाचे व्रतस्थ एकत्र राहतात, जेवतात, शिकतात ते घर. ते बायकांचं असतं तसं पुरुषांचंही असतं. आपल्या शिवबसवनगरातला नागनूर मठ डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. त्यात देवाची जागा ती चर्च, आणि राहायच्या खोल्या, पंगत, भांडार हे सगळं मिळून कॉन्व्हेंट. मधे चौक आणि चारी बाजूंनी ओसरी, ही रचना तर आपल्या जुन्या वाड्यासारखीच आहे.

हे संघ अनेक होते. फ्रान्सिस्कन १५१७ साली गोव्यात आले. त्यांचं आजचं चर्च १६६१ चं. जोडून असलेल्या त्यांच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. म्हणजे तिकीट काढून आपण ज्या खोल्यांतून वीरगळ आणि व्हाइसरॉयांची चित्रं बघत फिरतो, तिथं कधीकाळी साधू राहत होते. सांता मोनिका हा बायकांचा मठ. १६०६ साली त्याची स्थापना झाली आणि १६२७ पर्यंत बांधकाम चाललं. तिथंही आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. बॉम जीझस जेझुइटांचं. त्यांनी आधी राहायचं घर बांधलं, १५८५ ते १५८९ मध्ये. चर्चचं काम १५९४ ला सुरू झालं आणि १६०५ साली त्याचा अभिषेक झाला.

मग हे मठ ओस का पडले? पोर्तुगालच्या सरकारनं १७५९ मध्ये जेझुइटांना हाकललं आणि १८३५ मध्ये गोव्यातले बाकीचे संघही बरखास्त केले. शहर तर त्याआधीपासूनच साथींनी पोखरलं होतं. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय १६९५ साली पणजीच्या बाजूला पणेलीला राहायला गेला होता, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. दरवर्षी कौलं परतायला कुणी नसेल तर कोकणपट्टीत घराचं काय होतं, हे ज्याचं मूळगाव त्या बाजूला आहे त्याला सांगायला नको.

चिरा पाणी पितो

आता दगडाकडे वळू. सगळी गोम तिथंच आहे.

जांभा, म्हणजे आपला चिरा, आपल्याला नवा नाही. खानापूरच्या पश्चिमेला निघालात की रस्त्याकडेची माती लाल होते आणि गडग्यांत, घरांच्या जोत्यात चिरे दिसायला लागतात. भरपूर पाऊस आणि भरपूर ऊन यांच्या माऱ्यात मूळ खडक लाखो वर्षं कुजत राहतो. विरघळणारं सगळं पाण्याबरोबर वाहून जातं, मागे राहतं लोखंड आणि अॅल्युमिनियम. लोखंड गंजतं, म्हणून तो लाल. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. हवा लागून वाळला की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजाच्या नोकरीतल्या डॉक्टरनं केरळात हा दगड बघून १८०७ साली त्याला 'लॅटेराइट' हे नाव छापलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव अगदी चपखल आहे. चिरा ही निसर्गानं भाजलेली वीटच म्हणायची, फक्त भट्टी कच्ची लागलेली.

कारण तो भोकाभोकांचा असतो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीचं काम खानापूरकडच्या एका गवंडीकाकांनी केलं होतं. त्यांनी मला दाखवलेली गंमत सांगतो. सुट्टा चिरा आडवा ठेवला आणि त्यावर तांब्यातून पाण्याची बारीक धार धरली. पाणी घरंगळून खाली येईल म्हणून मी पाय मागे घेतला, तर थेंबही खाली आला नाही. दगडानं गटागट पिऊन टाकलं. थोड्या वेळानं चिरा उचलला तर खालची बाजू ओली! मग काकांनी एका भोकात काडी घालून फिरवली. आतून पिवळसर पांढरी शाडूसारखी माती निघाली. म्हणाले, "हा दगड दिसतो आख्खा, पण आत निम्मा चिखल. चिखल धुऊन गेला की उरतं जाळं. जाळ्यावर घर उभं करता काय?"

एवढं समजलं की निम्मं कोडं सुटलं.

काळा दगड वसईहून

बॉम जीझसची दर्शनी भिंत नीट बघा. खाली तीन दारं, त्यावर तीन खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यात वर चौकोनी माथ्यावर येशूच्या नावाची तीन अक्षरं कोरलेली, जी जेझुइटांची खूण. भिंत चिऱ्याची आहे, पण खांब, चौकटी आणि कोरीव पट्ट्या वेगळ्या दगडाच्या. तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, वसईहून समुद्रमार्गे आणलेला.

कारण सरळ आहे. चिऱ्यावर नक्षी धरत नाही. कडा कोरायला जावं तर नेमकं तिथंच भोक निघतं. बेसाल्ट घट्ट असतो; पाथरवटानं पाकळी काढली की चारशे वर्षांनीही ती पाकळीच दिसते. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेईपर्यंत. त्यामुळे तिथून जहाजात दगड भरून आणणं त्यांना सोयीचं होतं.

इथं बेळगावकराला हटकून एक शंका येईल. काळ्या दगडाचा दख्खनचा थर आपल्या बेळगावपर्यंत येऊन इथंच संपतो. मग हाकेच्या अंतरावरचा दगड सोडून एवढ्या लांबून का आणला? माझा तर्क असा. बेळगाव तेव्हा आदिलशाहीत होतं. गोवाही १५१० मध्ये आदिलशाहीकडूनच हिसकावलेला, म्हणजे संबंध काही फार गोडीचे नव्हते. त्यातून घाट. बैलांच्या पाठीवर दगड घालून चोर्ला-रामघाट उतरण्यापेक्षा शेकडो मैल समुद्र परवडला असणार. आजही जड माल बोटीनंच स्वस्त पडतो.

गिलावा म्हणजे भिंतीचं इरलं

लावणीच्या दिवसांत आपल्या खानापूरच्या शेतांत बायका डोक्यावर इरलं घेऊन वाकलेल्या असायच्या. पाऊस इरल्यावर, बाई कोरडी. चिऱ्याच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा हेच काम करतो. जुन्या गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरातल्या पावसाच्या दुपटीहून जास्त. पाणी पिणारा दगड आणि तेवढा पाऊस, यांच्यामध्ये काहीतरी हवंच.

गोव्यात चुना बहुतेक शिंपल्यांचा. शिंपले भाजले की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसून गरम होतो, फुलतो. हा विरी गेलेला चुना. तो वाळूत मळून भिंतीवर थापला की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा मूळ शिंपल्याच्याच जातीचा दगड बनतो. म्हणजे गिलावा हा भिंतीवर चढवलेला पातळ दगडच. पावसाचा मारा तो अडवतो, पण त्यालाही बारीक छिद्रं असतात. भिंतीत कुठून ओल शिरलीच तर ती त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. गवंडीलोक म्हणतात, चुना श्वास घेतो.

आणि तो झिजतो. झिजावा अशीच अपेक्षा असते. आपण दिवाळीआधी घराला चुना काढायचो तो हौसेपुरता नसायचा. पावसानं खाल्लेलं भरून काढायचं काम होतं ते. काकांच्या शब्दांत, "मरायचं ते गिलाव्यानं, भिंतीनं नाही."

से कॅथेड्रल पांढरं आहे ते याच हिशेबानं. आणि बॉम जीझसही पांढरंच होतं! एकोणिसाव्या शतकातले जुने फोटो आहेत, त्यांत ते गिलावा केलेलं दिसतं. बांधणाऱ्यांच्या मनात लाल चर्च कधी नव्हतंच.

मग इरलं काढलं कुणी?

पोर्तुगीजांनीच. १९५० च्या सुमारास बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुरचनाकारानं बॉम जीझसचा बाहेरचा गिलावा काढायला लावला. पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती, आणि तिथं जुन्या चर्चेसवरचा गिलावा खरवडून आतला दगड उघडा करायची पद्धत पडली होती. दगड दिसला की वास्तू पुरातन वाटते, दरारा वाटतो.

तिकडे ते एक वेळ चालून गेलं. तिथला दगड बहुतेक ग्रॅनाइट किंवा घट्ट चुनखडी, पाऊसही आपल्यासारखा कोसळत नाही. इकडे आतून निघाला चिरा. वेळही बघा. भारत स्वतंत्र झालेला, गोवा परत द्या ही मागणी सुरू, आणि १९५२ मध्ये झेवियरांच्या मृत्यूला चारशे वर्षं पूर्ण होणार. माझ्या मते गोवा किती जुना आणि किती आपला, हे जगाला दाखवायची ती घाई होती. त्यासाठी घेतलेला निर्णय भिंत आजवर भोगते आहे. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले. भिंत उघडी ती उघडीच राहिली.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे अर्धं नाही ठेवलं, सोललंय." यापेक्षा नेमका शब्द मला सुचलेला नाही.

"चारशे वर्षं उभं आहे, आताच काय होतंय?"

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर वरच आलं आहे. या चारशे वर्षांतली पहिली साडेतीनशे त्या भिंतीनं गिलाव्याआड काढली. उघड्यावर आल्याला सत्तर-पंच्याहत्तर पावसाळे झाले. एवढ्यात चिऱ्यांची भोकं मोठी होतात, आतली माती धुपते, खाचांत शेवाळ आणि रोपटी मूळ धरतात, दगडाचा पृष्ठभाग भुरभुरतो. आमच्या घरामागच्या त्याच भिंतीला आम्ही पैसे वाचवायला गिलावा केला नाही. दहा-बारा वर्षांत पावसाच्या तोंडावरचे चिरे बोट घातलं तर सुटे व्हायला लागले. दुसऱ्या बाजूला, जिथं पत्र्याची पडवी आहे, तिथं ते अजून ठणठणीत आहेत. दगड तोच, गवंडी तोच.

"मग कोकणातले गडगे नि किल्ले उघडेच आहेत की?" आहेत. सगळा चिरा सारखा नसतो. काही खाणींतला लोखंडानं गच्च भरलेला असतो, तो टिकतो. शिवाय गडग्याचा थर ढासळला तर दुसरा चिरा लावता येतो. बॉम जीझसच्या आत झेवियरांची चांदीची पेटी आहे, १६३६-३७ मध्ये गोव्यातल्या सोनारांनी घडवलेली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला, तो इथं १६९८ साली जोडला. वेदीमागचं सोनेरी लाकूडकाम छतापर्यंत चढत गेलेलं. ओल भिंतीतून आत उतरली तर हे बदलून लावायला कुठल्या खाणीत जायचं?

"सिमेंट मारून टाका की!"

हा आपला आवडता उपाय. घर गळलं, सिमेंट. देवळाचा दगड फुटला, सिमेंट, वर ऑइल पेंट. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला मात्र तो जाच ठरतो. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक आणि घट्ट. भिंत उन्हापावसात किंचित हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून त्याला तडा जातो. तड्यातून पाणी आत जातं, पण परत यायला वाट नसते. पावसात प्लास्टिकचा रेनकोट घालून चढ चढल्यावर आतून शर्ट भिजतो ना, तसं. ती ओल आत क्षार साठवते, क्षारांचे खडे फुगतात, आणि एक दिवस प्लास्टर दगडाचा पोपडा घेऊनच खाली येतं. चोर्ल्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टवाल्यांचं उघड्या चिऱ्यावरचं चकचकीत पॉलिश याच जातीचं. पहिल्या वर्षी फोटो झकास येतात.

म्हणून गिलावा चढवावा म्हणणारी जाणती माणसं चुन्याचाच म्हणतात. अडचण अशी की चुना मुरवायला, थर सुकू द्यायला महिने लागतात, आणि ते काम हाताखालून गेलेले गवंडी आता बोटावर मोजण्याइतके.

"लाल रूपच तर त्याची ओळख आहे"

विरोधी बाजूतलं मला सगळ्यात वजनदार वाटतं ते हे म्हणणं. तीन पिढ्यांनी हे चर्च लालच बघितलंय. कॅलेंडरवर लाल, पर्यटनाच्या पोस्टरवर लाल, मनात लाल. १९८६ मध्ये जागतिक वारसा ठरलं तेही याच रूपात. जे रूप वारसा म्हणून जपायचं ठरलं ते आपण बदलायचं का? आणि उद्या गिलावा चढवताना चूक झाली तर?

हे उडवून लावण्यासारखं नाही. पण सवयीचं रूप आणि वास्तूचं रूप यांत मी दुसऱ्याच्या बाजूला जाईन. लाल रंग आपल्या आठवणीत आहे. पावसात भिंत उभी आहे. तिच्याकडे बघून निर्णय व्हावा. २०२० साली छताच्या कामावरून वाद पेटला तेव्हापासून गिलाव्याची मागणी जोरात आहे. भिंत मात्र अजून तशीच.

टेकडीवरचा मनोरा

चर्चसमोरून चालत दहा मिनिटांवर, टेकडीवर, संत ऑगस्टीनचा मनोरा आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी 'चढ आहे' म्हणून तो टाळला. मी गेलो.

हे चर्च १५९७ ते १६०२ मध्ये बांधलेलं, शेजारी ऑगस्टिनियनांचा भलाथोरला मठ. १८३५ मध्ये साधू गेले. १८४२ मध्ये चर्चची कमान, म्हणजे दगडी छत, कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज उरलाय तो ४६ मीटर उंचीचा, उघड्या चिऱ्याचा, एका बाजूनं फाटलेला मनोरा. त्याची घंटा आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते, १८७१ पासून. याच मठाच्या ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या केतेवान राणीचं हाड सापडलं. १६२४ मध्ये इराणात तिला मारलं, ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेनं डीएनएवरून ते पटवलं आणि २०२१ मध्ये ते जॉर्जियाला देण्यात आलं.

पायाशी मी तळहात टेकवला. उचलला तर लाल पीठ लागलेलं, चांगलं जाडसर. हात पुसायला गेलो तर रुमाल रंगला.

आल्यावर बॉम जीझसचे फोटो गवंडीकाकांना दाखवले. वाटलं, ते लगेच गिलाव्याचं बोलतील. त्यांनी मोबाइल लांब धरला, चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा करत करत वर नेला. दारं, खिडक्या, कोरलेली अक्षरं, कशावरच थांबले नाहीत. माथ्याच्या कडेवर थांबले.

"हे सगळं राहू दे," म्हणाले. "हितलं वरचं पाणी कुठं जातंय ते बघून आलास काय?"

बघून आलो नव्हतो.